आण इकडे

१

पार्सल ऑफिसात माझं काम एकच, वजन करणं. वीस वर्षं तेच करतोय. खोकं उचललं की काट्यावर ठेवायच्या आधीच माझा हात आकडा सांगतो, आणि पन्नास ग्रॅमच्या पलीकडे तो सहसा चुकत नाही. ऑफिसात मला 'काटा' म्हणतात. बायकोचं म्हणणं, हे नाव माझ्या कामावरून नाही, स्वभावावरून पडलंय. वजन करायच्या आधी काट्याच्या फळीवर कुणाचा पाय किंवा कुणाची पिशवी टेकलेली नाही ना, हे बघून घ्यायची मला सवय आहे. वीस वर्षांत माझ्या काट्याला मी कुणाला बोट लावू दिलेलं नाही.

त्यामुळे डोंगरातल्या बारा दिवसांच्या मोठ्या वाटेवर निघताना मी स्प्रिंगचा हूकवाला काटाही बरोबर घेतला, याचं कुणाला नवल वाटलं नाही. पहिल्या सकाळी निवाऱ्याच्या तुळईला तो अडकवला आणि तिन्ही सॅक एकेक करून लटकवल्या. माझी सोळा किलो, बायकोची चौदा, मुंगीची तीन. मुंगी म्हणजे आमची नऊ वर्षांची मुलगी. रोज किलो-सव्वा किलो खाणं पोटात जाणार, ते कुणाच्या सॅकमधून किती काढायचं तेही माझं ठरलेलं होतं.

"झालं का तुझं बुकिंग?" बायको म्हणाली. "का आता आम्हाला तिकिटं पण चिकटवणार आहेस?" ती शहरात बस चालवते. तिचे खांदे माझ्यापेक्षा मजबूत आहेत आणि जीभ त्याहून.

वाट आखलेली दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने. दादा लोकांची घरं हलवायचं काम करायचा. कपाटं, पलंग, शिलाई मशिनी, एकदा तर एक पियानो, असलं सगळं पाठीवर घेऊन तो जिने उतरायचा. कुणी काही उचलताना अडखळलं की त्याचा एक बारीकसा हुंकार यायचा, "हं," आणि मग, "आण इकडे." त्याच्यामुळे आमच्या घरात एक रीत पडली होती. डोंगरात चालायला गेलो की ज्याच्यात जोर आहे त्याने दुसऱ्याच्या सॅकमधलं काहीतरी गुपचूप काढून आपल्या सॅकमध्ये टाकायचं. ज्याची सॅक हलकी झाली त्याने चौकशी करायची नाही, आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत. फक्त मुंगीला सूट होती. ती सरळ ओरडायची, "काका, जड होतंय!"

दादाला जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या नकाशावर पेन्सिलीच्या खुणा तशाच होत्या, आणि मुंगी त्या खुणा काही विसरू देईना, म्हणून यंदा आम्ही तिघं निघालो. पहिल्याच दुपारी पाऊस लागला तो लागलाच. दुसऱ्या चढावर धुकं इतकं दाटलं की माझ्यापुढे चालणारी बायको नुसती तिच्या पिवळ्या पोंचोपुरती उरली. तिथे, निव्वळ सवयीने, मागून मुंगी ओरडली.

"काका, जड होतंय!"

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. मुंगीच्याही लक्षात आलं. तिने ओल्या बाहीने नाक पुसलं, सॅकचे पट्टे वर ओढले आणि चालायला लागली.

२

दुसऱ्या सकाळी बायकोने जाहीर केलं की यापुढे तो काटा बाहेर निघालेला दिसला तर ती तो दरीत भिरकावेल. बोटं गारठलेली, छपराच्या कडेने पाण्याची धार लागलेली, आणि मी सॅक लटकवत बसलेलो. तिचं काही चुकत नव्हतं. काटा मी सॅकच्या तळाशी टाकला.

तिसऱ्या सकाळी सॅक खांद्यावर घेतली तेव्हा हाताने आकडा सांगितला, बारा. खाणं वजा करून साडेचौदा तरी भरायला हवी होती. मी बायकोकडे पाहिलं. ती पाठमोरी वाकून मुंगीच्या बुटाची नाडी बांधत होती. तिची मान पावसाने ओली झाली होती. मला एकदम भरून आलं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर बायको आपलं ओझं चोरते यापेक्षा माणसाला आणखी काय हवं? रीतीप्रमाणे मी तोंडातून ब्र काढला नाही. फक्त दुपारी थांबलो तेव्हा माझे राखून ठेवलेले कोरडे मोजे तिच्यापुढे धरले.

तिने मोज्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते लगेच पायांत चढवले. संध्याकाळी चहाचा पहिला कप मला मिळाला. चॉकलेटचा मोठा तुकडाही माझ्याच वाट्याला आला. दुसऱ्या दिवशी उतारावर तिने माझा हात धरला, तोही जिथे धरायची काही गरज नव्हती अशा ठिकाणी. मी तिला गाणं म्हणून दाखवलं. माझं गाणं म्हणजे पार्सल ऑफिसातल्या फाटकाची करकर, पण तिने पुरतं ऐकून घेतलं.

"तुम्ही दोघं आजारी आहात का?" मुंगीने विचारलं.

पाऊस थांबत नव्हता, कपडे वाळत नव्हते, वाटेवर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, आणि तरी ते दोन दिवस फार सुखाचे गेले. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यामुळे ते सुख खोटं होतं असं मला म्हणायचं नाही.

चौथ्या संध्याकाळी मला लाज वाटायला लागली. सॅक आणखी हलकी झाली होती आणि मी नुसता चहा पीत होतो. बायको पाणी आणायला झऱ्यावर गेली तशी मी तिची सॅक पुढे ओढली. तंबू तिच्याकडे असायचा. म्हटलं, निदान तो तरी गुपचूप आपल्याकडे घ्यावा. सॅक उचलली आणि हाताने सांगितलं, आठ.

तिची बारा असायला हवी होती. माझ्यातलं घेऊन पंधरा.

मी मुंगीची उचलली. एक.

३

बायको परत आली ती बाटल्या झुलवत. मी तिच्या सॅकमधलं सगळं सामान फळ्यांवर मांडून बसलो होतो. तंबू, दोरी, भांडी, तांदळाची पिशवी, औषधांचा डबा. सगळं होतं. एक टाचणीदेखील कमी नव्हती.

"माझ्या सॅकमधलं तू काही काढलंयस?" मी विचारलं. हा प्रश्न आमच्या घरात विचारत नाहीत, त्यामुळे तो विचारताना मला चोरासारखं झालं.

"मी? मला वाटलं तू माझ्यातलं काढतोयस."

"मला वाटलं तू."

"म्हणून मोजे दिलेस होय!"

"म्हणून चॉकलेट?"

दोघांनाही हसू फुटलं. मग ते आपोआप ओसरलं. निवाऱ्याच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मुंगी कोपऱ्यात बसून नकाशावर बोट फिरवत होती. बायकोने आवाज खाली आणला.

"मग कोण काढतंय?"

"कुणीच नाही. सगळं इथेच आहे."

"मग?"

मी काटा बाहेर काढला. तो दरीत टाकायची गोष्ट तिने काढली नाही. तंबू साडेतीन किलोचा, भरला पावणेदोन. स्टोव्ह पाचशे ग्रॅमचा, भरला दोनशे. सहा दिवसांपूर्वी ही प्रत्येक वस्तू मी माझ्या हाताने ऑफिसच्या काट्यावर ठेवली होती. म्हटलं, स्प्रिंग ओली झालीय, गंजलीय, बाद झालीय. पण पाणी खोटं बोलत नाही. आत्ताच भरून आणलेली लिटरची बाटली मी हुकाला लावली. बाटली धरून एक किलो पन्नास ग्रॅम, अगदी जिथल्या तिथे. काटा धडधाकट होता. ती बाटली मी झाकण घट्ट लावून तशीच कोपऱ्यात ठेवली.

सकाळी ती पुन्हा लावली. पाणी काठोकाठ होतं, झाकण कुणी काढलं नव्हतं. सहाशे ग्रॅम.

बायकोने ती माझ्या हातातून घेतली, तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. मग ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

"तहान गेली नाही रे," ती म्हणाली.

तेव्हा दोन दिवसांच्या कितीतरी गोष्टींचा मला उलगडा झाला. ताटभर भात खाऊन तासाभरात पोटात कावळे ओरडत होते. स्लीपिंग बॅग गळ्यापर्यंत ओढली तरी हाडं गार पडत होती. हे सगळं आम्ही थकव्याच्या, पावसाच्या आणि वयाच्या नावावर घातलं होतं. सामान सगळं होतं, पण त्यातलं काहीतरी दुसरीकडेच चाललं होतं.

४

पाचव्या दिवशी निघताच आलं नाही. दुपारपर्यंत पाऊस असा कोसळला की दारातून व्हरांड्याचा कठडाही दिसेना. निवारा म्हणजे एक खोली, तीन बाक, खुंट्या, आणि बाहेर फळ्यांचा व्हरांडा. त्या व्हरांड्याच्या तिसऱ्या फळीवर पाय पडला की ती कुरकुरायची. मुंगीचा पडला तर बारीक कुरकुर, माझा पडला तर जरा मोठी. हे तासाभरात कळलं होतं, कारण दुसरं काही करायलाच नव्हतं.

तिघंही आत बसलेलो असताना ती फळी वाजली. कुरकुर नव्हे, लाकूड मोडायच्या आधी जसं कण्हतं तसा लांब आवाज. मग दुसरी फळी, मग पहिली. दाराशी येऊन आवाज थांबला. दार उघडंच होतं आणि दारात पाऊस होता, दुसरं काही नाही.

"वाऱ्याने," मी म्हणालो.

"हो," बायको म्हणाली.

थोड्या वेळाने, तेवढ्याच हळू, आवाज परत गेला. मी बाहेर जाऊन पाहिलं. तिसरी फळी मधोमध वाकून खाली बसली होती. माझ्या वजनाने वाकणारी फळी ती नव्हती, आणि वाऱ्याच्या वजनाने तर नव्हेच.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. मी ती बायकोलाही सांगितली नव्हती.

दादा गेला तो एका साध्या टेकडीवर, आमच्याबरोबर चालताना. अर्ध्या चढावर माझी सॅक हलकी झाली होती. अकराची सात. कुठे तरी पाणी प्यायला थांबलो असू, तेव्हा त्याने डाव साधला असणार. माझ्या हाताला ते लगेच कळलं. पुढे तो चालत होता, आणि मध्ये मध्ये उभा राहून छाती चोळत होता. मी ते बघत होतो. मी म्हणायला हवं होतं, दादा, आण इकडे. पण आपल्याकडे विचारत नाहीत, ही सबब हाताशी होती. खरं कारण एवढंच की मला बरं वाटत होतं. वरती पोचल्यावर तो खडकाला टेकून बसला. "जरा बसतो," म्हणाला, आणि उठलाच नाही.

त्याची सॅक मी घरी आणून वजन केली. सव्वीस किलो. माझे तंबूचे खांब, बायकोच्या पाण्याच्या बाटल्या, मुंगीचा रेनकोट, पुस्तक, डबा. त्याचं स्वतःचं असं त्यात एक स्वेटर होता.

५

सहाव्या सकाळी पाऊस जरा उघडला. मागे परतायची सोय नव्हती. आम्ही ओलांडून आलो होतो तो ओढा वरून दिसत होता आणि त्याच्यावरचा लाकडी पूल दिसत नव्हता. पुढे डोंगराची धार ओलांडली की चार तासांवर डांबरी रस्ता होता. निघालो.

मुंगी पुढे पळत होती. सहा दिवसांत इतकी खुशीत मी तिला पाहिली नव्हती. सकाळी तिने दोन बिस्किटांच्या पुढे खाल्लं नव्हतं आणि तरी ती चढावर उड्या मारत होती.

"दमली नाहीस?" मी विचारलं.

"मला पायच लागत नाहीयेत बाबा! काहीच जड होत नाहीये."

ते ऐकून मी खाली पाहिलं. वाट चिखलाची होती. माझे बूट घोट्यापर्यंत रुतत होते. बायकोचेही. तिच्या पुढे, मुंगी नुकतीच गेली तिथे, चिखल गुळगुळीत होता. नीट बघितल्यावर कुठे कुठे तिच्या बुटाच्या नक्षीची फिकट रेघ दिसली, पानाने टेकून जावं एवढी.

"थांब," मी ओरडलो. "मुंगे, थांब!"

ती थांबली. मी तिला काखेत हात घालून उचलली. जन्माच्या दिवशी दोन किलो आठशे होती तेव्हापासून या पोरीला मी उचलतोय. निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या काट्यावर ती चोवीस किलो सहाशे भरली होती. मुंगी माझ्या हातात आली ती मी लावलेल्या जोराने डोक्याच्याही वर गेली, आणि खिदळली.

"किती?" बायकोने विचारलं. तिने माझं तोंड पाहिलं होतं.

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही? तुला? काटा काढ."

"नको ना."

"काढ म्हणते ना!"

वाटेच्या कडेला एक वाकडं झाड होतं. त्याच्या फांदीला काटा अडकवला आणि मुंगीच्या सॅकच्या पट्ट्यांत हूक घातला. ती पाय हलवत लोंबकळत राहिली आणि म्हणाली, "माझं पण पार्सल केलं!" काटा नऊवर थांबला. आम्ही बघत असताना तो हलला आणि साडेआठवर आला.

बायकोने मुंगीला खाली घेतलं आणि छातीशी घट्ट धरलं. ती रडत होती, पण हात काम करत होते. तिने सॅकमधून दोरी काढली, एक टोक मुंगीच्या कमरेला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"वर वारा असेल," ती म्हणाली. "तू हिला धर. मी पुढे वाट बघते. रस्ता लागेपर्यंत थांबायचं नाही."

"आई, काय झालं?" मुंगीने विचारलं.

"काही नाही गं राणी. तू फार हलकी झालीयेस."

"काका घेतोय ना," मुंगी म्हणाली. कपाटातून बशी काढून दे म्हणावं इतक्या साधेपणाने म्हणाली. "मीच सांगितलं ना त्याला पहिल्या दिवशी."

६

धारेवर वारा एका बाजूने येत होता आणि धुक्याला ढकलत दुसऱ्या बाजूला नेत होता. दोन्ही अंगांना उतार, मधे दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट. बायको पुढे वाकून, दगडांवरच्या पांढऱ्या खुणा हाताने चाचपत चालली होती. पन्नास पावलं ठीक गेलो. मग वाऱ्याचा जोर आला आणि दोरी ताणली.

मला वाटलं मुंगी घसरली, म्हणून मी खाली पाहिलं. पण दोरी वर गेली होती. माझ्या हातापासून तिरकी, वर. तिच्या टोकाला मुंगी होती, लाल पोंचो फुगलेला, बूट माझ्या खांद्याच्या उंचीवर, आणि खाली दरी. ती आता हसत नव्हती.

"बाबा, मला खाली घे ना. बाबा!"

मी दोन्ही हातांनी दोरी ओढली. तिचा बूट हाताला लागला, मग गुडघा. मी तिला पोटाशी घेऊन वाटेवर लोळण घेतली. पण मला कळत होतं की मी कशाला धरलंय ते. माझ्या हातात तीन किलो होते. मग अडीच.

तेव्हा मी मागे पाहिलं. का पाहिलं माहीत नाही. आम्ही आलो त्या वाटेवर आमच्या पावलांमागे आणखी पावलं होती. गुडघ्याएवढी खोल, एकेक पाण्याने भरलेली, आणि शेवटचं अजून भरत होतं. त्याच्या पलीकडे धुकं जरा विरलं आणि दोन गुडघे दिसले. वाकलेले, चिखलाने माखलेले, थरथरणारे. गुडघ्यांच्या वर जे होतं ते धुक्याने पुरतं दाखवलं नाही. दारातून मावणार नाही एवढ्या कपाटाइतकं रुंद होतं, आणि त्याच्या कडेला लाल पोंचोची एक झालर होती. माझ्या कुशीतल्या पोंचोसारखीच.

मी घाबरलो का? पाचावर धारण बसली होती. पण ते गुडघे मी ओळखत होतो. लहानपणापासून मी त्यांच्या मागे जिने उतरलो होतो. ते किती दमलेत हे मला दिसत होतं.

"दादा, पोरीला दे," मी ओरडलो. "तिचं तिला दे रे!"

काही झालं नाही. वारा तसाच होता. हातात दोन किलो.

का देईल तो? ज्याला जड होतंय त्याचं घ्यायचं एवढंच त्याला माहीत. आम्हीच शिकवलं होतं त्याला, आयुष्यभर गप्प बसून.

"दादा," मी म्हणालो, आता ओरडलो नाही. "त्या दिवशी मला कळलं होतं. अकराची सात झाली होती. माझा हात कधी चुकतो का? तू छाती चोळत होतास तेही दिसत होतं. मला बरं वाटत होतं म्हणून मी बोललो नाही. माझं चुकलं रे. आता आण इकडे. आधी माझं आण. सगळं आण."

मागून, अगदी जवळून आवाज आला.

"हं."

आणि माझ्या खांद्यांवर ते आलं. सॅकच्या पट्ट्यांतून नव्हे, नुसतं वरून, एकदम. मी गुडघ्यांवर बसलो, मग हातांवर, आणि कपाळ चिखलाला लागलं. छातीतून श्वास निघेना. सव्वीस, माझा हात म्हणत होता, तीस, चाळीस, आणि पुढे त्याने मोजायचं सोडून दिलं. मी धरून ठेवलं. मागे एक लांब श्वास ऐकू आला, चौथ्या मजल्यावरून कपाट उतरवून खाली टेकवल्यावर माणूस सोडतो तसा.

मग हळूहळू खांदे मोकळे झाले, कारण ओझं आपापल्या जागी जात होतं. पाठीवरची सॅक जड झाली. पुढे कुठेतरी बायको "आई गं" म्हणून मटकन बसल्याचं ऐकू आलं. आणि माझ्या हातांत एक टणक कोपर रुतलं, एक गुडघा बरगडीत घुसला, आणि कानाशी भोकाड पसरलं.

"बाबा, माझे पाय दुखतायत! मला भूक लागलीय! हाताला खरचटलंय!"

माझा जीव भांड्यात पडला. पोरीचं ते रडगाणं मी आयुष्यभर ऐकत बसलो असतो. बायको रांगत मागे आली, तिने आम्हा दोघांना कवेत घेतलं आणि चिखलातच बसून राहिली. मी मागे पाहिलं तेव्हा धुकं पुन्हा दाटलं होतं आणि खोल पावलं पाण्याने सपाट झाली होती.

७

रस्ता लागला, पुढचं गाव लागलं, घर आलं. वाट अर्धीच राहिली आणि कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. मुंगीने पहिल्याच खानावळीत तीन ताटं संपवली आणि पायाचे फोड सगळ्या ओळखीच्यांना दाखवले. सामान मी घरी तोलून पाहिलं. तंबू साडेतीन किलो, स्टोव्ह पाचशे ग्रॅम.

तीन आठवड्यांनी बायको म्हणाली, "हिला एकदा ऑफिसच्या काट्यावर उभी करून बघ. त्याशिवाय मला स्वस्थता नाही." मलाही नव्हती. पण इतके दिवस मी तिला उचलायचं टाळत होतो, आणि हे बायकोला दिसत असणार.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघी आल्या. ऑफिसात कुणी नव्हतं. मुंगी बूट काढून फळीवर चढली आणि सरळ उभी राहिली. मोठ्या तबकडीवर काटा फिरला, डुलला आणि स्थिर झाला. बायको दाराशी तिचं दप्तर घेऊन उभी होती.

चोवीस किलो दोनशे.

निघताना चोवीस सहाशे होती. म्हटलं, सहा दिवसांचं चालणं, उपासमार, पोरांचं वजन वरखाली व्हायचंच. पण तीन आठवडे ती पोटभर जेवत होती आणि झग्याचा कंबरपट्टा पुन्हा घट्ट झाला होता. मी पुन्हा तबकडीकडे पाहिलं. मुंगी खाली वाकली आणि माझ्या कानाशी आली.

"एवढंसंच ठेवलंय," ती कुजबुजली. "काकाला रिकाम्या हाताने चालता येत नाही ना."

"तुला जड होत नाही ना काही?" मी विचारलं. दुसरं काय विचारायचं ते सुचलं नाही.

"छे. आणि तो परत मागणार नाही. मी सांगितलंय त्याला, एवढंच."

"किती भरली?" दारातून बायकोने विचारलं, आणि ती तबकडी बघायला पुढे यायला लागली.

वीस वर्षांत मी काट्याला कुणाला बोट लावू दिलेलं नाही. मी उजव्या बुटाचं टोक फळीच्या कडेवर ठेवलं आणि हलकेच दाबलं. किती दाबायचं ते मला नीट माहीत होतं. काटा सरकला आणि चोवीस सहाशेवर येऊन थांबला.

"भरली," मी म्हणालो. "होती तेवढी."

बायकोने तबकडी पाहिली. मग तिची नजर खाली गेली, माझ्या बुटापर्यंत, आणि तिथे थोडी थांबली. मी पाय काढला नाही.

तिने दप्तर खाली ठेवलं. तिने मुंगीला फळीवरून उतरवलं, कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या पोरीला, आणि दुसरा हात माझ्यापुढे धरला. मी दप्तर उचलायला वाकलो होतो, ते तिने माझ्या हातातून काढून घेतलं.

"आण इकडे," ती म्हणाली.